कोकण किनाऱ्याचे जुने सागरी नकाशे बैठकीच्या भिंतीवर लावायचे आहेत : कोणते, केवढे आणि कसे?

मांडवी_बंदर यांचा प्रश्न

नमस्कार. रत्नागिरीतील आमचे जुने चिरेबंदी घर आम्ही गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतले. ओटी बंद करून तिची बैठकीची खोली केली असून तिच्या पूर्वेकडील भिंतीवर अकरा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी सलग जागा मोकळी आहे. भिंतीला लागून सात फुटांचा सागवानी बाक आहे आणि समोर पश्चिमेकडे खिडक्या आहेत.

माझे आजोबा मुंबई ते पणजी जाणाऱ्या प्रवासी बोटींवर सुकाणी होते. आम्हा मुलांना झोपवताना ते बंदरांची नावे ओळीने म्हणत असत : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. ती यादी आजही माझ्या आईला त्याच चालीत पाठ आहे. आजोबांचे म्हणावे असे घरात फारसे काही उरलेले नाही, म्हणून ज्या पाण्यात त्यांचे आयुष्य गेले त्या पाण्याचा जुना नकाशा या भिंतीवर असावा, अशी इच्छा आहे.

सहा महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'अठराव्या शतकातील सागरी नकाशा' म्हणून एक प्रत मागवली होती, ती पाहून फार वाईट वाटले. कागदावर चहा सांडल्यासारखा तपकिरी रंग छापलेला होता, फाटलेल्या कडाही छापलेल्याच होत्या, आणि भिंग घेऊन बसलो तरी एकाही बंदराचे नाव लागत नव्हते. समुद्रात जिथे आकडे असायला हवेत तिथे नुसते पुसट ठिपके होते.

आमच्या किनाऱ्याचे खरोखर कोणते नकाशे उपलब्ध आहेत? एकच मोठा लावावा की अनेक लहान लावावेत? आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो टिकावा यासाठी छपाई आणि फ्रेम कशी करून घ्यावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दर्यावर्दी_६२ यांचे उत्तर

मी व्यापारी जहाजांवर ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. नकाशा कोणता घ्यावा हे इतर कोणी अधिक चांगले सांगतील, परंतु त्या आधी तो वाचायचा कसा हे सांगण्याची परवानगी द्यावी, कारण समुद्राचा नकाशा शोभेचा असला तरी तो वाचता आला नाही तर त्याचा निम्मा आनंद जातो.

जमिनीच्या नकाशात जमीन भरलेली असते आणि समुद्र कोरा असतो, तर आमच्या नकाशात नेमके उलट असते. किनाऱ्याच्या आत चार डोंगर, एखादे देऊळ, एखादा किल्ला एवढेच दाखवलेले असते, आणि तेही समुद्रावरून दिसते म्हणून. समुद्रात मात्र आकडेच आकडे असतात. हे आकडे म्हणजे पाण्याची खोली, आणि जुन्या ब्रिटिश नकाशांवर ती बहुधा फॅदममध्ये दिलेली असते. एक फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपल्या कोळ्यांची एक वाव : दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. दोरी पाण्यातून ओढून घेताना ती अशीच मोजली जाते, त्यामुळे दोन्हीकडे माप एकच आले यात नवल नाही.

आकड्यांच्या मध्ये बारीक अक्षरे दिसतात. ती तळ चिखलाचा आहे, वाळूचा आहे, शिंपल्यांचा आहे की खडकाचा, हे सांगतात. मोजणी करणारा खलाशी दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून ते पाण्यात सोडत असे, तळाला टेकले की चरबीला जे चिकटून येई ते पाहून हे अक्षर लिहिले जाई. भिंतीवरच्या नकाशातील प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी उन्हात होडीच्या टोकाशी उभे राहून एकदा दोरी सोडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश नकाशा मिळाला तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उथळ पाण्यात मोठ्या आकड्याच्या पायाशी लहान आकडा असेल तर तो फुटांचा असतो, आणि आकड्याखाली रेघ असेल तर तो भाग ओहोटीला उघडा पडतो. शिवाय अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती किती वाजता येते, याची नोंद बंदरापाशी केलेली असते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता. ती रीत आणि नकाशावरची ती नोंद एकाच चंद्रावर चालतात.

हे सर्व दिसायचे असेल तर नकाशा हातभर अंतरावरून वाचता आला पाहिजे. आकार ठरवताना एवढे धरून ठेवावे.

बखरवाचक यांचे उत्तर

मांडवी_बंदर, आपल्या किनाऱ्याचे जुने नकाशे पुष्कळ आहेत, आणि मोठ्या ग्रंथालयांनी त्यांच्या उत्तम प्रती संगणकावर सर्वांसाठी खुल्या केलेल्या आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गालिका' संग्रह, अमेरिकेतील डेव्हिड रम्झी नकाशासंग्रह आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या तीन ठिकाणी आधी शोध घ्यावा. नकाशे स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले असले तरी प्रत्येक संग्रहाच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात, त्या डोळ्यांखालून घालाव्यात.

सर्वांत जुन्यांपैकी मला सर्वाधिक प्रिय आहेत ती दों जुआंव द कास्त्रो यांची चित्रे. हा पोर्तुगीज अधिकारी १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत आरमाराबरोबर गेला आणि वाटेतील खाड्या व बंदरांची वर्णने, पाण्याच्या खोल्या व होकायंत्राच्या सुईचे विचलन त्याने लिहून ठेवले. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर आणि व्हाइसरॉय झाला. त्याच्या प्रवासवर्णनातील दाभोळ, चौल, वसई यांची चित्रे नकाशा आणि देखावा यांच्या मधली आहेत : खाडी वरून पाहिल्यासारखी आणि डोंगर समोरून पाहिल्यासारखे. लहान फ्रेमसाठी ती फार शोभतात.

मोठ्या फ्रेमसाठी माझी पहिली पसंती दाप्रे द मानव्हिलेत यांच्या 'नेप्च्यून ओरिएंताल' या फ्रेंच सागरी नकाशासंग्रहाला आहे. तो १७४५ मध्ये प्रथम निघाला आणि १७७५ मध्ये वाढवून पुन्हा निघाला. त्यात गुजरात, खंबायतचे आखात, कोकण आणि कानडा हा किनारा एका पानावर येतो, म्हणजे आपल्या आजोबांचा संपूर्ण मार्ग एका चौकटीत बसतो. फ्रेंच नकाशांवर रेखांश पॅरिसपासून मोजलेले असतात, त्यामुळे ७३ अंशांच्या थोडे पुढे असलेली रत्नागिरी तिथे ७१ च्या आसपास दिसली तर ती चूक समजू नये. ग्रिनिच सर्वमान्य झाले ते १८८४ च्या परिषदेनंतर.

बेलँ यांच्या १७६४ च्या 'पेती अ‍ॅटलास मारितीम'मधील नकाशे पुस्तकाच्या पानाएवढे असून ते मूळ मापातच सुंदर दिसतात, ते फुगवून चार फूट करण्याचा मोह टाळावा. इंग्रजी बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे सागरी नकाशाकार अलेक्झांडर डॅलरिंपल होते. त्यांची त्या पदावर १७७९ मध्ये नेमणूक झाली आणि १७९५ मध्ये तेच ब्रिटिश नौदलाचे पहिले नकाशाकार झाले. बॉम्बे मरीन, म्हणजे कंपनीच्या मुंबईतील आरमारातील जॉन मॅक्लुअर यांनी १७८० च्या दशकाच्या अखेरीस केलेली या किनाऱ्याची मोजणी डॅलरिंपल यांनीच छापली. डॅलरिंपल यांच्या छापील साहित्यातील एक प्रकार घरासाठी विशेष उपयोगी आहे, तो म्हणजे किनाऱ्याचे देखावे. समुद्रावरून पाहताना डोंगरांची रांग कशी दिसते हे अरुंद लांब पट्टीत कोरलेले असते, आणि बंदर ओळखण्यासाठी खलाशी तेच पाहत असे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. इंग्रजी कागदपत्रांत आणि काही नकाशांत मुंबई ते गोवा या किनाऱ्याचा उल्लेख चाच्यांचा किनारा असा येतो. ज्यांना ते चाचे म्हणत ते आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते आणि आपल्या पाण्यात दस्तकाशिवाय (परवान्याशिवाय) फिरणाऱ्या जहाजांना अडवणे हे त्यांचे काम होते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, त्यानंतरच्या नकाशांत हे किल्ले सेव्हर्नड्रूग आणि घेरिया या नावांनी दिसतात. घेरिया म्हणजे विजयदुर्गाशेजारचे गिर्ये. असा नकाशा लावू नये असे मी म्हणणार नाही, परंतु तो कोणाच्या नजरेने काढलेला आहे हे घरातल्या मुलांना सांगितले गेले पाहिजे. त्यासाठी नकाशाच्या बाजूला देवनागरीत छापलेली एक लहान नामसूची लावावी : दाबुल म्हणजे दाभोळ, झायघर म्हणजे जयगड, हेनरी-केनरी म्हणजे उंदेरी-खांदेरी, बर्न्ट आयलंड्स म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक. नकाशावर मात्र काहीही लिहू नये.

मांडवी_बंदर

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. तिथीच्या पाऊणपटीचे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली की आजोबा हाच हिशेब बोटांवर करत असत. आता छपाई आणि फ्रेम याविषयी कोणी सांगू शकेल का?

कागद_आणि_शाई यांचे उत्तर

मी पुण्यात जुन्या छायाचित्रांच्या आणि कागदपत्रांच्या प्रती छापून देण्याचे काम करतो. आपल्याला मिळालेली प्रत वाईट निघण्याचे कारण बहुधा एकच आहे : लहान चित्र ताणून मोठे केलेले असते, आणि वरून तपकिरी छटा दिली जाते ती अस्पष्टपणा झाकण्यासाठी.

हिशेब सोपा आहे. हातभर अंतरावरून बारीक अक्षर वाचायचे असेल तर कागदाच्या प्रत्येक इंचाला ३०० बिंदू असावेत, निदान २०० तरी असावेतच. चार फूट, म्हणजे ४८ इंच रुंद प्रत हवी असेल तर २०० च्या हिशेबाने चित्राची रुंदी ९,६०० बिंदू असायला हवी. उतरवून घेतलेली फाइल ३,००० बिंदूंची असेल तर ती १५ इंचांच्या पुढे नेऊ नये, मग भिंत कितीही मोठी असो. छापण्याआधी फाइल पडद्यावर पूर्ण मापात उघडून एखाद्या खाडीच्या मुखापाशी जावे. खोलीचा आकडा ३ आहे की ८, हे निःसंशय सांगता आले तरच ती फाइल घ्यावी. मी ग्राहकाला आधी फक्त तेवढाच वीतभर तुकडा छापून देतो, आणि तो मान्य झाल्याशिवाय पूर्ण प्रत छापत नाही. आपणही छापणाऱ्याकडे असा तुकडा मागावा.

कागद सुती धाग्यांचा, आम्लमुक्त आणि बिनचकाकीचा घ्यावा, वजन साधारण ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) असावे. शाई रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची हवी, कारण साधी डाय शाई कोकणच्या दमटपणात पसरते आणि उन्हात लवकर उडते. कॅनव्हासवर छापण्याचा आग्रह अनेक दुकानदार करतात. नकाशासाठी तो मानू नये, कारण कापडाच्या विणीत तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली केसासारखी रेघ तुटते.

रंगाविषयीही थोडे सांगतो. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईने छापले जात, आणि जहाजावर वापरायचे नकाशे बहुधा रंगवलेले नसत. बाजारात दिसणारे गुलाबी-हिरवे रंग पुष्कळदा नंतर भरलेले असतात. जुन्या कागदाचा मूळ पिवळसरपणा जसा आहे तसा राहू द्यावा, वरून कोणतीही छटा देऊ नये. पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन फाइलमध्ये दिसत असेल तर तोही कापू नये.

आता फ्रेम. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाढतो आणि उन्हाळ्यात आखडतो. तो चारही बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटवला तर दोन वर्षांत त्याला लाटा येतात. म्हणून तो फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगावा. काच आणि कागद एकमेकांना टेकू नयेत, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) किंवा पातळ पट्टीची चार-पाच मिलिमीटर पोकळी असावी, अन्यथा काचेच्या आतल्या ओलीने कागद काचेला चिकटतो आणि तो पुन्हा सुटत नाही. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) लावू नये, ते ओल पिऊन फुगते. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा संमिश्र पत्रा लावावा. पाठीमागच्या सर्व फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात, म्हणजे कसर आत शिरत नाही. लाकडी पट्टी सागाची असेल तर वाळवीची काळजी कमी.

ओटी_पडवी यांचे उत्तर

मी सावंतवाडी परिसरात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करते. वरील सर्व मान्य आहे, मात्र दोन गोष्टी जागेवर उभे राहून ठरवाव्या लागतील.

पहिली गोष्ट म्हणजे ऊन. आपली भिंत पूर्वेची आणि खिडक्या पश्चिमेच्या, म्हणजे दुपारी तीननंतर ऊन थेट नकाशावर येणार आणि काचेत खिडक्यांचे प्रतिबिंब पडणार. अतिनील किरण अडवणारे, चमक न मारणारे ॲक्रिलिक वापरले तर दोन्ही त्रास कमी होतात आणि मोठ्या फ्रेमचे वजनही काचेपेक्षा बरेच हलके राहते. तरीही खिडक्यांना बांबूचे चिक लावावेतच. पिगमेंट शाईलासुद्धा रोजचे ऊन मानवत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. जांभ्याचा चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यात स्क्रूसाठी भोकात ठोकायची नेहमीची लहान गिट्टी धरत नाही, भोक मोठे होत जाते आणि वर्षभरात फ्रेम पुढे झुकते. वर छताच्या तुळईखाली सागाची आडवी पट्टी लांब स्क्रूंनी चार-पाच ठिकाणी पक्की करावी आणि फ्रेम त्या पट्टीवरून पितळी साखळ्यांनी सोडाव्यात. जुन्या घरांत तसबिरी पुढे झुकवून अशाच टांगलेल्या असत. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराची बटणे लावावीत, म्हणजे मागे हवा खेळती राहते. मी स्वतःच्या घरात हे केले नव्हते, आणि पहिल्याच श्रावणात तसबिरीमागे हातभर काळी बुरशी पाहिली.

मांडणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. बाक सात फुटांचा आहे, म्हणून त्यावरील मांडणी साधारण पावणेपाच फुटांच्या आत ठेवावी. नकाशाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास यावा, उभ्या माणसाच्या डोळ्यांपुढे. आता अडचण अशी की आपला किनारा उभा आहे, उत्तर वर ठेवली तर नकाशा उंच होतो आणि बाकावरील जागा आडवी आहे. परंतु सतराव्या-अठराव्या शतकातील किनाऱ्याच्या अनेक नकाशांत पूर्व दिशा वर ठेवलेली असते. अशा नकाशात मुंबई डावीकडे, गोवा उजवीकडे आणि समुद्र खाली येतो. म्हणजे समुद्रावरून बंदराकडे तोंड करून येणाऱ्याला किनारा जसा दिसतो तसाच तो भिंतीवर दिसतो. बखरवाचक यांनी असा एखादा सुचवावा. तो मिळाला नाही तर उत्तर वर असलेला उंच नकाशा बाकाच्या वर न लावता भिंतीच्या मोकळ्या टोकाला लावावा, जिथे माणूस त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहू शकेल. बाकाच्या वर मग देखाव्यांच्या तीन अरुंद पट्ट्या एकाखाली एक येऊ द्याव्यात. या खोलीत नांगर, दोरखंड, लाकडी चाके असे दुसरे काहीही ठेवू नये.

बखरवाचक

पूर्व वर असलेले नकाशे डच संग्रहांत शोधावेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान क्यूलन घराण्याच्या सागरी नकाशासंग्रहाचा आशियाविषयीचा सहावा भाग १७५३ मध्ये निघाला आणि डच कंपनीने तोवर गुप्त ठेवलेली बरीच माहिती त्यात प्रथम छापली गेली. वेंगुर्ल्यात डचांची वखार १६३७ पासून होती, त्यामुळे हा किनारा त्यांच्या रोजच्या माहितीतला होता.

मांडवी_बंदर

सर्वांचे वाचून घरात असे ठरले आहे की मोकळ्या टोकाला 'नेप्च्यून ओरिएंताल'मधील उंच नकाशा लावायचा, बाकाच्या वर देखाव्यांच्या पट्ट्या लावायच्या आणि बाजूला देवनागरी नामसूची ठेवायची. आजोबांची बंदरे त्यांच्याच क्रमाने त्या सूचीत येतील, जी नकाशावर नाहीत तीही. काल फाइल उतरवून घेतली आणि रत्नागिरीच्या खाडीपाशी जाऊन आकडे पाहिले, ते स्वच्छ वाचता येतात.

एक शंका उरली आहे. येथील फ्रेमवाल्यांचे म्हणणे असे की नकाशाच्या कडेने काळ्या-पांढऱ्या खणांची जी चौकट आहे ती माउंटखाली झाकली तर नकाशा अधिक नीटस दिसेल. तसे करावे का?

दर्यावर्दी_६२

कृपया झाकू नये. डाव्या-उजव्या कडेवरचे ते खण अक्षांशाचे आहेत, आणि सागरी नकाशावर अंतर तिथेच मोजतात : अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आपल्या नातवंडांना कंपासपेटीतला कर्कटक द्यावा आणि ॲक्रिलिकला टोक न लावता रत्नागिरी ते विजयदुर्ग हे अंतर त्यात धरून कडेवर नेऊन मोजायला सांगावे. आजच्या मोजणीने दोन्हींच्या अक्षांशांत सुमारे २६ मिनिटांचे अंतर आहे, म्हणजे दक्षिणेकडे सरळ २६ मैल. १७७५ च्या सुमारास ते किती धरले होते, हे त्यांनी मोजून आजोबांच्या यादीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे. फ्रेमवाल्यांना सांगून माउंटची खिडकी त्या चौकटीच्या बाहेर बोटभर मोठी कापून घ्यावी.